बारावीनंतरची वाट



बारावीच्या मुलाला सारे गाव विचारते, मार्क किती? मी विचारतो, कागद काढलेस का? अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर अभियांत्रिकीला जायचे, तर जातीच्या दाखल्यावर भागत नाही. वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आता जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरातील महादेव कोळ्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नसेल, तर नातवाने कागद आणावा कोठून? तहसीलीतले जुने कोतवाल बुक चाळावे, जन्ममृत्यूची नोंद शोधावी. सख्ख्या चुलत्याला वैधता मिळाली असेल तर तीही जोडावी. हे आठ दिवसांचे काम नव्हे. अर्ज अकरावीतच करावा.

दुसरी वाट आयटीआयची. तिला नाके मुरडणारे आपली मोटार मात्र तिथे शिकलेल्याकडूनच दुरुस्त करून घेतात! पुढे चाकणच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जाल, तेव्हा १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा समजून घ्या. विद्यावेतन मालकाने दिलेच पाहिजे. पण कायद्याच्या लेखी तुम्ही कामगार नव्हे, आणि करारात लिहिले नसेल तर मुदतीनंतर नोकरी देण्यास मालक बांधलेला नाही. मुलगा अज्ञान असेल तर सही पालकाची. मग करार वाचणेही पालकाकडेच आले.

मुलींच्या बापांनाही सांगतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना शासकीय प्रवेशफेरीतून व्यावसायिक शिक्षण घेताना २०२४-२५ पासून शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. राहण्याचा, एस.टी.चा खर्च उरतो, तो खरा. त्याची बेरीज मुलीला शेजारी बसवून करा.