आधी भरती-ओहोटी बघा

आम्ही सिद्धेश्वरची माणसं. पूर्णेवरच्या धरणाचं पाणी दार उघडलं की येतं. समुद्राला दार नाही. म्हणून घरच्यांना मुंबई दाखवायची तर बेत भरती-ओहोटी पाहूनच आखावा.

हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भरतीत बुडते. भरती साधारण दिवसातून दोनदा येते, तीही रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. कालची वेळ आज चालत नाही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. परभणीहून रात्रभराचा प्रवास. आणि नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच खुलं होतं.

आमच्या घरी नातवंडांनी दहा ठिकाणं लिहून काढलीत. सत्तरी ओलांडलेल्या अम्मीनं समुद्र अजून पाहिलेला नाही. घारापुरीला शंभरावर पायऱ्या. तिचे गुडघे त्या चढणार नाहीत. हळद विकली तरच आमची सहल निघते. पुन्हा कधी निघेल, कोण सांगणार?

म्हणून यादीत पहिलं नाव अम्मीच्या समुद्राचं. ओहोटीची वेळ गाठून तिला निवांत बसू द्यायचं. उरलेली मुंबई मुलं पुढं आपली आपण पाहतील.