भांड्यात उरलेलं पाणी

(वर्धापनदिनी विहारात केलेलं भाषण)



मी आज खोड काढणाऱ्या माणसांवर बोलणार आहे. ती प्रत्येक वस्तीत असतात. वंदनेत एखाद्या पोराचा उच्चार चुकला, की ह्यांचे मिटलेले डोळे लगेच उघडतात. फलकावरची वेलांटी चुकली, मेणबत्ती वाकडी लागली, खिरीत साखर कमी पडली. विहाराच्या बांधकामाला सिमेंटच्या गोण्या कोणी वाहिल्या, ते मात्र ह्यांना विचारू नका.

हे आजचं नाही. तथागतांच्या हयातीत कोसंबीला हेच घडलं. कोसंबी म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, यमुनेच्या काठी. तिथल्या घोषितारामात दोन विद्वान भिक्खू होते, एक विनयाचा जाणकार, दुसरा धम्माचा उपदेशक. भांडणाचं कारण अट्ठकथेत दिलंय. उपदेशक शौचाला गेला आणि उरलेलं पाणी भांड्यात तसंच ठेवून आला. विनयवाल्याने ते पाहिलं, दोष दाखवला. उपदेशक दोष मानायला तयार झाला. तेव्हा हाच म्हणाला, मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. झालं, मिटलं की नाही? पण नंतर ह्याने आपल्या शिष्यांना सांगितलं, त्या उपदेशकाला स्वतःचा दोषसुद्धा कळत नाही! ते शिष्य त्याच्या शिष्यांना बोलले. भांडंभर पाणी, आणि संघाचे दोन तुकडे. तथागतांनी स्वतः समजावलं, तरी ऐकेनात. शेवटी तथागत एकटेच निघून गेले आणि पारिलेय्यक वनात राहिले.

भांडण मिटवलं कोणी? उपासकांनी, तुमच्या-माझ्यासारख्या संसारी माणसांनी. त्यांनी ठरवलं, ह्यांना वंदन नाही, भिक्षा नाही. पोटाला चिमटा बसला तेव्हा सगळे सावत्थीला गेले. आणि ज्याच्यावर ठपका होता, त्याने आपला दोष कबूल केला. ग्रंथात हेही आहे, ते लपवू नये. चूक होतीच.

मग कोणी म्हणेल, चूक दाखवायचीच नाही काय? मी साच्यावर काम केलेला माणूस. ताण्यातला एक धागा तुटला तर कापडात रेघ जाते, हे मला कोणी शिकवू नये. पण विणकर काय करतो? साचा थांबवतो, धागा जोडतो, साचा चालू करतो. खात्यात बोंब मारत फिरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा लाखोंमध्ये कितीकांनी पाली पहिल्यांदाच ऐकली असेल! त्यांची परीक्षा कोणी घेतली नाही.

आपल्या वस्तीतली एक मुलगी दर रविवारी वंदना घ्यायची. भर सभेत तिला सुनावलं, आधी शुद्ध बोलायला शिक. ती येईनाशी झाली, तिच्यामागे तिच्या मैत्रिणीही. गेल्या रविवारी मी मोजलं. म्हातारी माणसं अकरा, पोरं दोन.

तिच्या आईशी माझं बोलणं झालंय. येत्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. ज्यांनी सुनावलं, त्यांच्यापैकी कोणाला बरोबर यायचं असेल तर आठ वाजता विहारासमोर यावं. मी थांबतो.

जयभीम. नमो बुद्धाय.