गुण औषधाचा की दिवसांचा?

(तालुका मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मृग तोंडावर आला आहे. सरकी, खत, पेरणीचे बैल या विवंचनेत तुम्ही आहात आणि मी जनावरांच्या औषधावर बोलायला उभा राहिलो आहे. पण ऐन पेरणीत ज्याची जोडी फुटली त्याला विचारा, हा विषय किती रुपयांचा आहे ते.

सुरुवात माझ्याच गोठ्यापासून करतो. घरच्या गाईचा गोऱ्हा होता, दीड वर्षाचा, अंगाने भरलेला. पुढच्या साली जुवाखाली घालायचा विचार होता. पहिला पाऊस झाला आणि एका सकाळी त्याचा मागचा पाय टेकेना. मांडीवर सूज, दाबली की आत चरचर वाजे. गावातला जाणता माणूस आला. विळा लाल केला, सुजेवर डाग दिला, वरून पाला वाटून बांधला. गोऱ्ह्याचे तोंड मीच धरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

फऱ्या होता. सूज दिसताच पेनिसिलीन टोचले असते तर एखादे वेळी वाचला असता. मे महिन्यात लस टोचली असती तर बहुधा ही वेळच आली नसती.

त्या जाणत्याने माझ्याकडून पैसा घेतला नाही. रात्रभर गोठ्यात बसून होता. त्याच्या मनात खोट नव्हती, हिशेबात होती. त्याने जन्मभरात पुष्कळ जनावरे डागली आणि त्यातली बरीच उठलीही. कोणती उठली? तिव्याची. तिवा नावाप्रमाणे तीन दिवसांचा. एक दिवस ताप, दुसऱ्या दिवशी जनावर आखडते, लंगडते, बसून राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जनावरे आपसूक उठून कडब्याला तोंड लावतात. दुसऱ्या दिवशी डाग द्या, अंगारा लावा, नाहीतर नुसते नाव घेऊन पाठीवर थाप मारा, गुण येणारच! तोच डाग मग फऱ्यावर चालवला जातो आणि तिथे जनावर मरते.

कपाशीवर नवे औषध आले की आपल्यातला शहाणा काय करतो? चार तास न फवारता मोकळे सोडतो. फवारलेल्या तासांतला मावा गेला आणि मोकळ्या तासांतलाही पावसाने धुऊन गेला, तर दुकानदाराला जाऊन विचारतो, ‘माझे पैसे कशाचे घेतलेस?’ गोठ्यात मात्र आपण मोकळे तास कधी सोडत नाही.

नॉर्वे देशात सोडले. दगडी झालेल्या, म्हणजे कासदाहाच्या, 57 गाई घेतल्या आणि तीन गट केले. एका गटाला होमिओपॅथी, दुसऱ्याला प्रतिजैविक, तिसऱ्याला औषधच नसलेली खोटी मात्रा. 2004 साली निकाल छापला. खोटी मात्रा दिलेल्या गाईही सुधारल्या होत्या, आणि होमिओपॅथीचा गुण त्या खोट्या मात्रेपेक्षा जास्त दिसला नाही.

आता कोणी म्हणेल, जनावराला काय कळते? त्याचा विश्वास-अविश्वास नसतो, मग गुण औषधाचाच. बरोबर, गाईला विश्वास नसतो. पण ‘आज जरा बरी दिसते’ असे म्हणणारा मालक असतो, आणि त्याने पैसे मोजलेले असतात.

2022 ची लंपी आठवा. विड्याची पाने, मिरे, मीठ, गूळ यांच्या गोळ्या गावोगाव चारल्या गेल्या. लंपीतून बहुतेक जनावरे उठतात, थोडी मरतात. उठलेल्यांचे श्रेय गोळीला गेले. मेलेल्यांचा हिशेब कोणी गोळीच्या नावावर मांडला नाही. ते नशिबाच्या खात्यावर गेले. शेळ्यांच्या देवीची लस टोचली तिची आठवणही कोणी काढत नाही.

गावचे औषध म्हणून मी ते टाकून द्या म्हणत नाही. फेसाने पोट फुगले तर गोडेतेल पाजतात, ते खरेच चालते. तेलाने फेस मोडतो आणि वायू सुटतो. डॉक्टरही तेच सांगतात. मात्र जीभ ओढून, मान उंच करून नळी ओतू नका. तेल फुफ्फुसात गेले तर पोटफुगी परवडली. आणि पिशवीतून निघाले म्हणून डॉक्टरचे प्रत्येक इंजेक्शन खरे, असेही नाही. त्यालाही विचारा, हे कशासाठी?

ताण बसलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर धापा टाकू लागले तर मात्र विचारायलाही वेळ नसतो. ते सायनाइडचे विष. त्यावर सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावे लागते. मंत्र म्हणून होईस्तोवर जनावर आडवे होते.

बुळकांडी तुमच्या आजोबांना माहीत होती. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. नवस झाले, उतारे झाले. देशातली शेवटची साथ 1995 साली नोंदली गेली आणि 2011 साली जगातून हा रोग संपल्याचे जाहीर झाले. लस टोचून, साथीवर नजर ठेवून संपला.

घटसर्प आणि फऱ्या यांची लस पाऊस पडण्याआधी टोचायची असते. गावातली जनावरे मोजा, यादी करा आणि दवाखान्यात सगळे मिळून जा. एकट्याला ‘लस संपली’ सांगतात. आणि डागून उठलेली जनावरे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला जरूर सांगावे. डागून मेलेली किती, तेही सोबत लिहून आणा. माझा गोऱ्हा पहिला लिहा.