शून्य गुण, एक गोल



सन २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून आपल्या संघास पात्रता-फेरी न खेळताच प्रवेश लाभला. आपल्या गटात घाना, कोलंबिया व अमेरिका होते. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. त्या तिघांनी प्रत्येकी सहा गुण मिळविले. गोलांच्या वजाबाकीत सरस ठरून घाना पहिला आला. आपल्या वाट्यास शून्य आले.

तथापि ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीस, कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटास, मणिपूरच्या जिक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषकातील भारताचा तो पहिलाच गोल! परंतु लगेचच कोलंबियाने दुसरा गोल करून सामना जिंकला.

त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरास या खेळाची जुनी परंपरा आहे. मग आमच्या मराठवाड्यातून असा मुलगा का निघू नये? स्पर्धेपूर्वी, १५ सप्टेंबरास, राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळविला गेला. पण एका दिवसाने खेळाडू घडत नाही. नित्याच्या सरावाने काय साधते, हे 'लातूर पॅटर्न'ने परीक्षांच्या बाबतीत दाखविलेच आहे.

मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. शून्य मिळालेली वही फेकून द्यावयाची नसते; कोठे चुकले ते पाहावयाचे असते. म्हणून नांदेड व लातूर येथील पालकांस एवढीच विनंती, की शिकवणीच्या वेळातून सायंकाळचा एक तास मागून घ्यावा आणि तो मुलांच्या मैदानास द्यावा.