आपली चाचणी, आपले मार्क

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ओळख करून देताना माझ्याबद्दल 'इंग्लंडमध्ये आरोग्यक्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर' असं सांगितलं गेलं. आधी ते दुरुस्त करते. मी लेस्टर शहरातल्या एका केअर होममध्ये केअरर आहे. वृद्धांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, कपडे बदलायचे, कोणी रात्री घाबरलं तर हात धरून बसायचं, हे माझं काम. बी.कॉम. झालेली मुलगी तिकडे जाऊन हे करते, हे तुम्हाला सांगायला मला बरीच वर्षं लागली. आज सांगून टाकलं, बरं वाटलं.

संयोजकांनी मला 'कोरोनाकाळातले अनुभव' असा विषय दिला आहे. त्यातली एकच गोष्ट सांगते. ती सुरू होते आपल्या आठवीच्या वर्गात.

आठवतंय ना, गणिताच्या बाई दर शनिवारी दहा मार्कांची चाचणी घ्यायच्या? पेपर शेजाऱ्याकडे द्यायचा नाही, ज्याचा त्याने तपासायचा. उत्तरं फळ्यावर. मग हजेरी घेतात तसे मार्क विचारायच्या आणि आपण आपले सांगायचो. कोणी 'तीन' म्हटलं तर बाई वहीत तीन लिहायच्या, बस्स. ओरडा नाही, छडी नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर त्या तीनवाल्यांना व्हरांड्यात बसवून तीच गणितं पुन्हा सोडवून घ्यायच्या.

दुसऱ्या एका तासाला चुकलेल्या मार्कागणिक एक छडी असायची. कोणता तास ते सांगत नाही, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला आठवलाय. त्या तासाला सगळ्या वर्गाला नऊ मार्क पडायचे. तीच मुलं, तोच वर्ग. फरक एवढाच, की एकीकडे खरं बोललं तर मदत मिळायची आणि दुसरीकडे मार.

ही गोष्ट मला तीस वर्षांनी लेस्टरमध्ये समजली.

2020 च्या वसंतात इंग्लंडच्या केअर होम्समध्ये काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. इस्पितळातल्या खाटा मोकळ्या करण्यासाठी वृद्धांना तपासणी न करता केअर होममध्ये पाठवलं गेलं. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही आजार पसरू शकतो, हा धोका सरकारने लक्षात घेतला नाही, म्हणून ते धोरण बेकायदेशीर होतं, असा निकाल लंडनच्या हायकोर्टाने एप्रिल 2022 मध्ये दिला. तोवर इंग्लंड आणि वेल्समधली केअर होममधली 40 हजारांहून जास्त माणसं कोरोनाने गेली होती.

धडा एवढाच होता, की खोकला येईपर्यंत थांबायचं नाही. या आजारात लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला तो देऊ शकतो. आमचे आजी-आजोबा तर घराबाहेरही पडत नव्हते. आजार आत येणार तो आमच्याच पावलांनी. म्हणून जुलै 2020 पासून केअर होमच्या कर्मचाऱ्यांची दर आठवड्याला पीसीआर चाचणी सुरू झाली आणि त्या हिवाळ्यात लॅटरल फ्लो नावाची झटपट चाचणीही आली. पुढे ती आम्ही घरीच करायला लागलो.

ही पट्टी तुम्हीही पाहिली असेल. पुण्याच्या मायलॅबने 2021 मध्ये 250 रुपयांना आणलेली 'कोविसेल्फ' ती हीच जात. काडी नाकात फिरवायची, नळीतल्या द्रवात ढवळायची, थेंब पट्टीवर सोडायचे आणि घड्याळ लावून बसायचं. द्रव कागदावरून पुढे सरकतो. सी अक्षरापाशी रेघ उठली तर पट्टी ठीक आहे. टी अक्षरापाशीही उठली तर तुम्हाला लागण आहे. ती टीची रेघ कितीही फिकट असो, ती पॉझिटिव्हच.

या पट्टीची एक मर्यादा आहे. शरीरात विषाणू भरपूर असला की ती तो चांगला पकडते, थोडा असला तर चुकते. म्हणून एकदा निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असं नसतं. पुन्हा पुन्हा, ठरलेल्या दिवशी, काही होत नसतानाही करायची. त्या काळात मी किती पट्ट्या केल्या ते मोजलं नाही, पण शेकड्यांनी. पहाटे साडेपाचला, स्वयंपाकघरात, चहाच्या आधणाशेजारी.

आणि तिथे बघायला कोणीही नसतं. पेपर आपणच लिहायचा, आपणच तपासायचा, मार्क आपणच सांगायचे.

आता पैशाचं बोलते. इंग्लंडमध्ये आजारी माणसाला मालकाने कायद्याने द्यावाच लागतो असा आजारपणाचा भत्ता असतो. 2020 मध्ये तो आठवड्याला सुमारे 96 पौंड होता. त्यात घरभाडंही भागत नाही. मग पॉझिटिव्ह आलेली केअरर काय करेल? मे 2020 मध्ये सरकारने केअर होम्ससाठी 60 कोटी पौंडांचा निधी काढला, त्याच्या उद्देशांत एक असा होता की घरी बसावं लागलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण पगार मिळावा. त्याच उन्हाळ्यात 'विवाल्डी' नावाच्या सरकारी पाहणीत दिसलं, की जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणाचा पगार मिळतो, तिथल्या वृद्धांमध्ये लागण कमी आहे. पगारी रजा हेसुद्धा साथीवरचं औषधच होतं म्हणा ना.

आमच्याकडे तो निधी होता तोवर चाचणीची कोणाला भीती वाटली नाही. स्टाफरूममध्ये आम्ही पट्ट्या एकमेकींना दाखवायचो. केरळची एक मुलगी पॉझिटिव्ह आली तर आम्ही तिच्या दाराशी डबा ठेवून यायचो.

31 मार्च 2022 ला तो निधी संपला. त्याच्या आठवडाभर आधी, कोरोनासाठी पहिल्या दिवसापासून भत्ता देण्याची सवलतही संपली होती. पुन्हा जुना नियम आला, कामाचे पहिले तीन दिवस काहीच नाही. पण चाचणी मात्र चालूच राहिली, आठवड्यातून दोनदा.

एप्रिलमधल्या एका सकाळी माझ्या पट्टीवर टीपाशी रेघ उठली. इतकी फिकट, की खिडकीशी नेली तर दिसायची आणि ट्यूबलाइटखाली दिसेनाशी व्हायची. मला ना ताप, ना खोकला. नियमाप्रमाणे निदान पाच दिवस घरी, मग चोवीस तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह, तेव्हा कामावर. माझ्या आठवड्याला बारा तासांच्या तीन शिफ्ट असतात. तेव्हा किमान वेतन तासाला साडेनऊ पौंड. म्हणजे 342 पौंड जाणार आणि हाती शून्य येणार. नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती.

मित्रांनो, ती पट्टी मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. युनिफॉर्म घातला, मास्क लावला आणि बसमध्ये जाऊन बसले. वीस मिनिटांच्या प्रवासात मी स्वतःला पटवत होते, की रेघ नव्हतीच, तो ओलाव्याचा डाग होता.

केअर होमच्या दारातच एक रजिस्टर असायचं. नाव, वेळ, आजच्या चाचणीचा निकाल आणि सही. पेन हातात घेतलं. आतून एक आजी मला बघून हात हलवत होत्या. वय 92. रोज सकाळी त्यांना पहिला चहा मीच पाजायचे, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन, कारण त्यांना ऐकू कमी यायचं.

मला सही करता आली नाही. मॅनेजरला दारातूनच फोन केला आणि पायी घरी गेले, पुन्हा बसमध्ये चढायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी रेघ ठसठशीत होती. तिसऱ्या दिवशी ताप भरला. त्या महिन्यात घरभाडं उसने पैसे घेऊन भरलं.

तुम्ही म्हणाल, वा, शेवटी संस्कार जिंकले. तसं नका म्हणू. त्या सकाळी मी घरातून बाहेर पडले होते, हे मला विसरता येत नाही. आजी दिसल्या नसत्या तर? मी ऐन शिफ्टच्या गर्दीत पोहोचले असते तर? माझ्यासारख्या हजारो जणींच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी कोणाची रेघ कशी दिसली, हे कोण सांगणार? फिकट रेघ दिसायला नजर चांगली लागते हे खरं, पण ती मान्य करायला खिशात चार पैसेही लागतात. खरं सांगणाऱ्याला छडी बसणार असेल, तर सगळ्यांना नऊच मार्क पडतात.

31 ऑगस्ट 2022 ला लक्षणं नसताना करायच्या त्या नेमाच्या चाचण्या थांबल्या. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण तिचा शेवट इथे, आपल्या गावात झाला.

माझी आई इथे भावाकडे असते. तिच्यासाठी दिवसभराच्या मावशी आहेत, त्यांचा पगार मी पाठवते. गेल्या वर्षी मी आले तेव्हा त्या खोकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही ताई, धुळीचं आहे." संध्याकाळी हात लावून पाहिलं तर अंगात चांगलाच ताप. मी रागावले, "मावशी, आईचं वय 84. सांगायचं नाही का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, खाडा धरता ना तुम्ही."

खरंच होतं. दर महिन्याला भाऊ मला हिशोब पाठवायचा, इतके दिवस, वजा इतके खाडे. मी बघून पैसे टाकायचे. लेस्टरमध्ये मी पगारी रजेसाठी तावातावाने भांडत होते आणि इथे माझ्याच आईच्या मावशींना चुकलेल्या मार्कागणिक छडी मारत होते.

आता आमच्याकडे आजारपणाचा खाडा धरत नाहीत. मावशींना सर्दी-ताप असला तर त्या सकाळी फोन करतात. त्या दिवशी वहिनी किंवा भाऊ सांभाळतात, ओढाताण होते, पण आम्हाला खरं कळतं. कपाटात मास्क आणि दोन-चार टेस्ट किट आहेत, तीही त्यांना फुकट. भावाची शंका होती, की रोज दांड्या मारतील. वर्षभरात आजारपणाच्या सुट्ट्या झाल्या सहा.

आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणाकडे ब्युरोच्या मावशी असतात, कोणाकडे रात्रीचा माणूस. आज घरी गेल्यावर एकच गोष्ट बघा. त्यांना उद्या ताप आला, तर तुम्हाला ते सांगणं त्यांना परवडेल का?

बाई, तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसला आहात. एक कबुली द्यायची राहिली आहे. आठवीत एका शनिवारी मी सहाचे आठ करून सांगितले होते. तुम्ही वहीत आठ लिहिले आणि सोमवारी मला व्हरांड्यात बोलावलंत. म्हणालात, "आठवाल्यांनीही बसायला हरकत नाही." तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण त्यानंतर मी तुमच्या तासाला कधी मार्क वाढवले नाहीत.