घरात राहा म्हणणाऱ्यांनी घर पाहिलं नव्हतं
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मी भाईंदर पश्चिमेला राहते. तुमच्यापैकी पुष्कळांचे भाऊ, भाचे, लेकी विरार लोकलच्या आधारावर तिकडे पोट भरतात. तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीत तिथल्या घरांत लहान पोरांचं काय झालं, ही काही परमुलखातली गोष्ट नाही. ती घरं तुमचीच आहेत.

आजार खोटा होता असं मी म्हणणार नाही. आमच्याकडचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवावं लागलं, माणसं गेली, ते आम्ही पाहिलं. साथीत माणसं वेगळी ठेवावी लागतात. प्रश्न एवढाच आहे की वेगळं ठेवलेल्या घरात काम किती आणि ते करायचं कुणी, याचा हिशेब कुणी मांडला का?

मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ सालचा. इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला. त्या प्लेगात आपल्या पणज्यांनी काय केलं, ते घराघरात सांगतात. गाव सोडलं आणि शिवारात खोपी टाकल्या. हाल झाले, पण पोरं उघड्या रानात होती. आमच्या वाट्याला उलटं आलं. मोकळी हवा बंद आणि खोली चालू.

आपल्या रिवाजातही वेगळं बसणं आहेच. बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नाही. पण तिची आई येते, न्हाऊ घालणारी येते, डिंकाचे लाडू येतात. सुतक असलं की चूल पेटत नाही, शेजारीण पिठलं-भात आणून देते. म्हणजे आपल्या बायांना हे पक्कं ठाऊक होतं की माणूस कोंडायचा तर त्याचं काम दुसऱ्या कुणी उचललं पाहिजे. सरकारी विलगीकरणात माणूस कोंडला आणि शेजारणीलाही कोंडलं. मार्चमध्ये परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचे. घरातल्या बाईच्या कामावर कुणी शिक्का मारला नाही, म्हणून ते दिसलं नाही.

आता भाईंदर पश्चिम म्हणजे काय ते सांगते. स्टेशनच्या अंगाला जुन्या इमारती, एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात पाच-सहा माणसं. पुढे मिठागरं ओलांडली की मुर्धे, राई, मोर्वा, आणि समुद्राकडे डोंगरी, उत्तन. तिथे आगरी, कोळी, ख्रिस्ती लोकांची घरं, दाराशी अंगण, परसात भाजी. महापालिका एकच, हुकूम एकच. राईच्या पोराने टाळेबंदीत अंगणात माती कालवली. आमच्या इमारतीतलं पोर खिडकीच्या गजाला धरून रिकामा रस्ता बघत होतं. एकाच हुकुमाचे असे दोन अर्थ होतात, हे मंत्रालयात बसून कळत नाही.

मे महिन्यात केंद्राचा नियम आला की पासष्टच्या वरचे म्हातारे, गरोदर बाया आणि दहा वर्षांखालची मुलं, यांनी गरजेशिवाय घराबाहेर पडायचं नाही. नियम वाचायला शहाणपणाचा. पण ज्यांना सांभाळावं लागतं ती सगळी माणसं एकाच खोलीत आणि सांभाळणारी एक! आधी हेच काम वाटलेलं होतं. चार तास बालवाडी, दोन तास खालचं आवार, संध्याकाळी शेजारची आजी. ती वाटणी एका रात्रीत मोडली आणि सगळा भार एका पदराला बांधला गेला.

आमच्या मजल्यावरची एक बाई मुंबईत दवाखान्यात कामाला. लोकल बंद, म्हणून पहाटे बसच्या रांगेत. अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुरू झाल्या त्या १५ जूनला. तोवर जाता-येता दिवसाचे पाच तास. रात्री आली की आधी आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि तीन वर्षांची पोर दाराआड रडतेय, तिला जवळ घ्यायचं नाही. आठ-आठ दिवस ती पोरीपासून चार हात लांब निजली. नवऱ्याचं काम सुटलेलं. तो बापडा पहिल्यांदा पोळ्या लाटायला शिकला, वेणी घालायला शिकला. (सभेत हशा.) हसू नका. त्या घरात काम दोघांत वाटलं गेलं म्हणून ते घर तगलं. जिथे पुरुष घरात बसून "चहा" एवढंच म्हणत होते, तिथली बाई कशी राहिली असेल?

जुलैत सरकारने ठरवलं की बालवाडीच्या मुलांना मोबाईलवर रोज अर्धा तास शिकवायचं. उरलेले साडेतेवीस तास कुणाचे, ते ठरवलं नाही. मोबाईल घरात एक, आणि तो बापाच्या खिशात.

दुधाचंही सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या बंद पडल्या आणि तुमच्या दुधाचा भाव कोसळला. सरकारने रोज दहा लाख लिटर दूध पंचवीस रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं. आमच्या दारातली पिशवी मात्र होती त्याच भावाची. कामं सुटलेल्या घरांत अर्ध्या लिटरची पाव लिटर झाली. तुमच्याकडे दूध उतू जातंय, आमच्याकडे पोराच्या पेल्यात पाणी. मधली सगळी यंत्रणा शाबूत.

मग हळूहळू उघडायला लागलं. कशाच्या आधी काय उघडलं, ते पाहा. ४ मे २०२० पासून दारूच्या दुकानांना परवानगी. ५ ऑगस्टपासून मॉल. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार. नोव्हेंबरात सिनेमागृहं. आणि शहरातली पहिलीची मुलं शाळेत बसवायचा राज्याचा आदेश कधीचा? १ डिसेंबर २०२१. मुंबईत तर १५ डिसेंबर. जानेवारीत पुन्हा बंद, आणि २४ जानेवारी २०२२ ला परत चालू. मधे दुसरी लाट येऊन गेली हे मला मान्य आहे. पण लाट येण्याआधी बार उघडले होते आणि पहिलीचा वर्ग उघडला नव्हता, याला लाटेचं कारण चालत नाही. बारवाल्यांची संघटना आहे. पाच वर्षांच्या पोरांची नाही, आणि त्यांच्या आयांचीही नाही.

दोन वर्षं परीक्षेवाचून सगळी मुलं वर ढकलली. जून २०२० मध्ये पहिलीत बसायची ती पोरं बाराखडी न गिरवताच तिसरीत गेली. आज ती सहावी-सातवीत आहेत. त्यांच्या आया मला सांगतात, "गणित अडतंय, मन लागत नाही." मास्तर म्हणतात पोरगं मठ्ठ आहे. मठ्ठ नाही. त्याची दोन वर्षं घेतलेली आहेत आणि ती परत कुणी केलेली नाहीत.

म्हणून तालुक्याच्या कार्यकर्त्यांना माझी मागणी आहे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातल्या, वाडीतल्या, आणि शहरात गेलेल्या नातेवाइकांच्याही, त्या एका वर्गातल्या मुलांची यादी आणा. नाव, आता कितवीत, वाचता येतं का, शाळा सुटली असली तर कधी सुटली. यादी बायांनी करायची, कारण पोर कुठे अडलंय ते त्यांना माहीत आहे. ती घेऊन आपण जिल्हा परिषदेत आणि महापालिकेच्या शिक्षण विभागात जाऊ आणि या मुलांसाठी जादा वर्ग मागू. आमच्या बाजूची यादी मी सुरू केली आहे. राई-मुर्ध्याची नावं अजून यायची आहेत.