दीर्घ सेवेचे पदक
(मालगुंड, जि. रत्नागिरी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा गोषवारा)



मालगुंड ही कविवर्य केशवसुतांची जन्मभूमी. ‘नवा शिपाई’ ही कविता मराठीला देणाऱ्या या कवीचा शिपाई विचारांच्या रणांगणावरील होता. परंतु त्यांच्या या रत्नागिरी जिल्ह्याने प्रत्यक्ष पलटणींनाही पिढ्यान्‌पिढ्या शिपाई दिले आहेत. शौर्यपदकाचा मान त्यांतील मोजक्यांच्याच वाट्याला आला. बाकीच्यांनी थंडीवाऱ्यात, घरापासून दूर, वर्षानुवर्षे निमूटपणे आपले कर्तव्य बजावले. या अबोल सेवेची नोंद राष्ट्र कशी घेते, हे समजून घेणे उचित ठरेल.

सेवेच्या कालावधीचा गौरव करण्याची प्रथा जुनी आहे. कंपनी सरकारच्या काळात, १८३७ साली, हिंदी अधिकाऱ्यांच्या दीर्घ व एकनिष्ठ सेवेसाठी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा सन्मान सुरू झाला. ‘सरदार बहादूर’ आणि ‘बहादूर’ हे किताब त्यातूनच आले. १८८८ साली हिंदी हवालदार, नाईक व शिपाई यांच्यासाठीही दीर्घ सेवा व सदाचरण पदक निघाले. परक्या सत्तेला निष्ठा हवी होती आणि तिचे मोल ती पदकाने चुकवीत होती. स्वातंत्र्यानंतर या निष्ठेचे अधिष्ठानच बदलले. आता ती राज्यघटनेशी आणि देशवासीयांशी बांधलेली आहे.

आज सेनादलांत ९, २० व ३० वर्षांच्या सेवेसाठी स्वतंत्र पदके आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ती सर्व हुद्द्यांना सारखीच लागू आहेत. जवान असो वा सेनापती, २० वर्षांचे पदक एकच. याखेरीज सदाचरणाची कसोटी लावून दिली जाणारी पदकेही आहेत. हवालदाराहून कनिष्ठ हुद्द्यांसाठी दीर्घ सेवा व सदाचरण पदक, तर हवालदारांसाठी प्रशंसनीय सेवा पदक आहे. प्रादेशिक सेनेसाठी निराळे पदक आहे.

दीर्घ सेवेचे फळ किती दूरवर पोचते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार पदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. निवृत्तीनंतर ते प्रथम दापोली व पुढे सातारा येथे राहिले. पेन्शनीच्या तुटपुंज्या आधारावर त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. त्यांचे सुपुत्र म्हणजे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पदक आणि पेन्शन या दोन भिन्न गोष्टी आहेत. ९ वर्षांच्या सेवेचे पदक मिळाले, म्हणून पेन्शन लागू होते असे नव्हे. जवानाच्या सेवा पेन्शनीसाठी सामान्यतः १५ वर्षांची सेवा लागते. अपंगत्व वा मृत्यू ओढवल्यास नियम वेगळे आहेत. हा भेद ठाऊक नसल्यामुळे कोणी व्यर्थ आशेवर राहतो, तर कोणाचा हक्काचा अर्जच राहून जातो.

अनेक घरांत जुन्या ट्रंकेच्या तळाशी एखादे पदक फडक्यात गुंडाळून ठेवलेले असते. ते कशाचे, हे नातवंडांना सांगता येत नाही. पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते. कागदपत्रे पावसाळ्यात भिजली, वाळवीने खाल्ली, तरी एवढ्या अक्षरांवरून सेवेचा माग काढण्यास मदत होऊ शकते. म्हणून असे पदक मोडीत घालू नये. त्यावरील मजकूर उतरवून घ्यावा आणि उपलब्ध असल्यास डिस्चार्ज बुकासह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चौकशी करावी. वृद्ध माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना हे एकट्याने जमत नाही. अर्ज लिहून देणे, दाखला विनाविलंब देणे, सोबत कार्यालयापर्यंत जाणे, ही कामे शिक्षक व पंचायत सदस्यांनी आपली मानावीत.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनी निधी तर गोळा होतोच. त्या दिवशी प्रत्येक शाळेत गावातील एका माजी सैनिकाला सन्मानाने बोलावून त्याच्या पदकांची कहाणी मुलांना ऐकवली जावी. एका क्षणाचे शौर्य इतिहास आपोआप लक्षात ठेवतो. वीस वर्षांचे इमान मात्र गावाने लक्षात ठेवावे लागते.